आमची वाटचाल : तासावरच्या सायकलींपासून तुटवहीपर्यंत

वडिलांनी नाशकात रविवार कारंज्याजवळ दुकान थाटलं १९७४ साली. अकरा सायकली, सगळ्या तासावर भाड्याने द्यायच्या. गल्ल्याशेजारी लाल बांधणीची लांबोडी वही असायची : नाव, सायकल नंबर, किती वाजता नेली, किती वाजता आणली. शेवटच्या रकान्यात वडील शेरे मारत. 'ब्रेक रबर खाल्लं.' 'पुढच्या चाकात आऊट, विचारलं तर नाही म्हणाला.' ('आऊट' म्हणजे चाक सरळ न फिरता डुलणं.) या रकान्याकडे पुढे परत येतो.

१९९६ मध्ये मी गल्ल्यावर बसलो तोवर लूना आणि स्कूटरनी भाड्याचा धंदा खाल्ला होता. उरलं पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि जूनमध्ये शाळेच्या पोरांच्या सायकली. दहा वर्षं तशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००७ च्या पावसाळ्यात गंगापूर रोडकडचे एक डॉक्टर परदेशातून आणलेली गिअरची सायकल घेऊन आले. मागचं चाक लडबडत होतं. आमचे चाचा वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यात स्पोकच नाहीत डॉक्टरसाहेब, आऊट काढू कशाचा?" खरंच, आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकात चाळीस स्पोक, ह्याच्यात मोजून चोवीस. डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन जुनी इंग्रजी मासिकं आणून दिली. त्यांतल्या एकात चाक बांधण्यावर सलग चार पानं होती. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, पलीकडचे ढिले, कारण एका बाजूला गिअरला जागा करून द्यायची आणि तरी रिम मधोमध धरायची. ताण मोजायचं यंत्र नसेल तर स्पोक छेडा आणि ऐका : एका बाजूचे सगळे एका सुरात वाजले पाहिजेत. मी वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत होतो आणि चाचा डोळे मिटून तंबोरा लावावा तसे एकेक स्पोक छेडत होते. चाक दुपारी साडेतीनला सरळ झालं. डॉक्टरांनी अजून चार जणांना आमच्याकडे पाठवलं. आमच्या दुकानाचा दुसरा जन्म असा झाला.

मग मला नादच लागला. मालासाठी मुंबईला गेलो की फाउंटनच्या फुटपाथवरून जुने अंक उचलायचे, धावण्याचे, सायकलिंगचे, ट्रायथलॉनचे, जो मिळेल तो. पुढे ताजे अंक मागवायला लागलो. एका अंकाच्या किमतीत दोन चांगल्या ट्यूब येत, त्यावरून घरी बोलणीही खाल्ली. पण दुकानात एक टेबल टाकलं, त्यावर अंक ठेवले, आणि रविवारी राइड संपवून पोरं तिथं चहाला बसायला लागली. २०१२ पासून धावण्याचे बूट ठेवले तेही या टेबलामुळेच.

ही मासिकं काढणारे मुळात आपल्यासारखेच छांदिष्ट होते. 'रनर्स वर्ल्ड' १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या बॉब अँडरसन नावाच्या पोराने शाळेत असताना सुरू केलं, तेव्हा नाव होतं 'डिस्टन्स रनिंग न्यूज'. 'व्हेलोन्यूज' १९७२ मध्ये व्हरमाँटमध्ये एका जोडप्याने स्थानिक सायकल शर्यतींचे निकाल छापण्यासाठी काढलं. सत्तरच्या दशकात 'रनर्स वर्ल्ड' बुटांना चक्क क्रमांक द्यायचं, पहिला, दुसरा, तिसरा. त्यावरून कंपन्या भांडायच्या. मला ते भांडण फार आवडतं. कंपनी मासिकाशी भांडते म्हणजे मासिक कुणाच्या तरी बाजूने उभं आहे.

माझ्या टेबलावरचे अंक बिघडायला लागले ते साधारण २०१३-१४ पासून. आधी हाताला कळलं. चिकटवलेल्या कण्याचा अंक पिना मारलेला यायला लागला. चाचा अंक उचलून म्हणायचे, "ह्यात आता पंक्चरची ट्यूबसुद्धा गुंडाळता यायची नाही." मग डोळ्यांना दिसलं. चाकाची चार पानं जाऊन 'सहा आठवड्यांत पोट कमी करा' आलं, आणि ते दर सहा महिन्यांनी परत यायचं, फोटोतला माणूस तेवढा बदलायचा. परीक्षणात सगळ्या वस्तू पाचपैकी चार ते साडेचार तारे घेऊन पास. नापास कुणीच नाही. शाळेत असा वर्ग असता तर मास्तरांची चौकशी लागली असती. समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात. 'आम्ही ही सायकल एक दुपार चालवली' असं वाक्य मी स्वतः वाचलंय. एका दुपारीत माझ्या दुकानातला नवीन पोऱ्यासुद्धा सायकलीबद्दल मत देत नाही.

त्याच सुमारास इकडे मात्र धंदा चढत होता. २०१५ मध्ये आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, आणि गावात सायकलचं वारंच सुटलं. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, गर्दी व्हायला लागली : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. लोक येऊन विचारायचे, "दादा, टायर कुठला घालू?" आणि मी मासिक उघडून सांगायचो.

तिथंच फसलो. एका मासिकाने डोक्यावर घेतलेल्या टायरचे मी २४ नग मागवले. रबर हलकं, गुळगुळीत डांबरावर लोण्यासारखं. पण आपल्या पावसाळी खड्ड्यांच्या कडांनी त्याच्या बाजू चिरल्या. रात्री अकरा वाजता इगतपुरीच्या अलीकडून एका मुलाचा फोन आला, दुसरा टायर गेला होता. गाडी काढून टायर घेऊन गेलो. परतताना डोक्यात एकच विचार, की या टायरवर लिहिणाऱ्याने तो कुठल्या रस्त्यावर चालवला ते लिहिलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या वहीसारखी लाल वही आणली. रकाने पाडले : वस्तू, किती किलोमीटर चालली, कुठल्या रस्त्यावर, काय तुटलं, शेरा. चाचांनी तिला 'तुटवही' नाव दिलं. वर्षभरात लोक मासिकांआधी वही उचलायला लागले. बुटांची पानं वेगळी करावी लागली, कारण धावणारे आपल्या बुटांबद्दल सायकलवाल्यांपेक्षा जास्त लिहितात. काही जण तर निबंध.

तिकडे एकेक अंक गळत गेला. मन लावून पळणाऱ्यांसाठी असलेलं 'रनिंग टाइम्स' २०१६ च्या सुरुवातीला छापायचं बंद झालं. 'रनर्स वर्ल्ड' काढणारी रोडेल कंपनी २०१८ मध्ये हर्स्टकडे गेली. २०२१ मध्ये 'व्हेलोन्यूज', 'ट्रायथलीट', 'आउटसाइड' अशी बरीच नावं एकाच छपराखाली आली, आणि २०२२ मध्ये त्या गटाने नोकरकपात करून बहुतेक नियतकालिकांची छपाई गुंडाळली. करोनात सायकलींना तुफान मागणी आली आणि नंतर तोच माल गोदामात पडून राहिला, हे मी माझ्या गोदामात पाहिलंय. माल अडकला की कंपनी पहिली जाहिरात कापते. वाचकाच्या वर्गणीपेक्षा जाहिरातीवर जगणारं मासिक मग काय करणार? इंटरनेटवर तर परीक्षणाखालीच खरेदीचा दुवा, त्यावर दलाली. 'ही वस्तू घेऊ नका' लिहिलं तर दलाली बुडते. २०२३ मध्ये तिकडच्या काही सायकल पत्रकारांनी सभासदांच्या पैशांवर 'एस्केप कलेक्टिव्ह' सुरू केलं. मी वर्गणी भरली, पण ते फोनवर वाचायचं, त्यामुळे टेबल रिकामंच.

संपादकांना शिव्या देणं मला सोपं जातं, फक्त एक गोष्ट आड येते.

२०१८ मध्ये एका डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला. त्याच्या एका हेडलाइटबद्दल तुटवहीत पाच नोंदी होत्या, सगळ्या एकच : चार्जिंगच्या रबरी झाकणातून पाणी शिरतं. तो भांडला नाही. चहा घेतला, वही चाळली आणि म्हणाला, "शेठ, तुमचं नाव आहे गावात. स्कीममध्ये आठ टक्के जादा देतो. ही वही टेबलावर कशाला, आत ठेवा ना." खोटं लिहा असं तो म्हणालाच नाही. दुकानाचं भाडं वाढलं होतं, मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. एक शब्द खोडला नाही. त्या चार महिन्यांत तो लाइट आम्ही बरेच विकले.

ऑगस्टमध्ये बँकेतले एक गृहस्थ आले. ३०० च्या बीआरएमला कसारा घाटात पहाटे तीनला त्यांचा लाइट गेला होता. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून ते घाट उतरले होते. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "घेताना वही बघणार होतो, टेबलावर दिसली नाही."

मी म्हणालो, "बाइंडिंगला दिलीय."

चाचा मागे चेन धूत होते. उठले, फडक्याला हात पुसले, ड्रॉवर उघडला आणि वही टेबलावर आणून ठेवली. परत जाऊन चेन धुवायला बसले. मला काही म्हणाले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

लाइटचे पैसे परत केले. बिलबुकं काढून बाकीच्यांना फोन केले, अकरा जण लाइट घेऊन आले. स्कीम गेली, तो माणूसही परत आला नाही. वहीत एक सहावा रकाना पाडला : 'कुणाच्या सांगण्यावरून घेतलं.' परवाच चाचांनी नोंद केली. टायर, १,८४० किलोमीटर, त्र्यंबक रोड, बाजू फाटली. सहाव्या रकान्यात त्यांच्या वाकड्या अक्षरात : 'शेठ.'