रिकाम्या झुडपावरचा पॉइंट

टिकली तेव्हा चौदा महिन्यांची होती. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, म्हणजे लपलेला पक्षी वासाने हुडकून दाखवणारी शिकारी जात. माझ्याकडे शिकायला आलेल्या कुत्र्यांत इतकी झटपट तयार झालेली दुसरी नव्हती, आणि तसं मी तिच्या मालकांना फोनवर सांगूनही बसलो होतो. सकाळी मी गवतात लावे लपवायचे, मग दहा मीटरची दोरी लावून तिला सोडायचं. पाच-सहा पावलांवर येऊन दगड व्हायची. शेपटी ताठ, पुढचा एक पाय दुमडलेला. पक्षी इथे आहे, असं सांगणारं हे थिजणं म्हणजेच पॉइंट. लावा फडफडून उडाला तरी जागची हलायची नाही.

त्या दिवशी मालक स्वतः आले. "आज लावे मी लपवतो," म्हणाले, आणि रानाच्या पलीकडच्या कडेने जाऊन तिकडूनच परतले.

सोडल्याबरोबर टिकली नाक जमिनीला लावून निघाली. तिथेच मला खटकायला हवं होतं. पॉइंटर डोकं वर ठेवतो, वाऱ्याला आडवा पळत हवेतला वास पकडतो. जमिनीवर नाक हे माग काढणाऱ्याचं काम. ती सरळ एका झुडपापाशी गेली आणि तिने पॉइंट धरला. फोटोच काढावा असा. मी तोऱ्यात पुढे होऊन झुडपाला लाथ घातली. काही नाही. आणखी एक घातली.

मालक मागून म्हणाले, "मी या बाजूला आलोच नव्हतो."

मी आलो होतो. तासाभरापूर्वी वारा बघायला, त्या झुडपापर्यंत, नुसता. म्हणजे सहा आठवडे ही पोरगी लावे हुंगतच नव्हती. माझ्या बुटांचा माग जिथे संपतो तिथे पक्षी असतो, एवढं तिनं ओळखलं होतं. माझी मान वर होईना.

परतताना दोरी काढली. वारा समोरून होता. पळता पळता टिकलीने मान फिरवली आणि वेडीवाकडी, कमरेत वळलेली तशीच थिजली. पाय बिय काही उचललेला नाही. मला वाटलं, पुन्हा तेच. पण इथे कुणीच चाललेलं नव्हतं. ती चार पावलं सरकली, परत थांबली. पक्षी गवतातून पुढे पळत होते. मग भर्रकन पाच-सहा तित्तर उठले आणि टिकली सगळं शिकलेलं विसरून त्यांच्या मागे सुसाट.

शिट्टी माझ्या तोंडातच होती, वाजवली नाही.

"हिला तर काहीच येत नाही," मालक म्हणाले.

"अजून दोन महिने राहू द्या, साहेब. पैसे नकोत."