६ वर्षांची नोंद

लंडनमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याचे बँक खाते अचानक बंद झाले आणि पुढे इतर बँकांनीही कारण न सांगता त्याला नकार दिला, त्यामागचा उलगडा आज सिफास या संस्थेकडून मागवलेल्या माहितीच्या कागदांतून झाला. ब्रिटनमधील बँका, कर्जसंस्था आणि मोबाइल कंपन्या फसवणुकीची प्रकरणे या संस्थेच्या राष्ट्रीय नोंदवहीत टाकतात आणि नवा अर्ज आला की तीच नोंदवही तपासतात. वर्गातल्या एका मुलाचे पैसे आपल्या खात्यावर घेऊन पुढे पाठवल्याबद्दल भाच्याच्या नावावर ‘खात्याचा गैरवापर’ अशी नोंद झाली असून ती ६ वर्षे राहू शकते. क्रेडिट स्कोअरमध्ये ती मोजली जात नाही, त्यामुळे गुण चांगले दिसत असूनही दारे का बंद होतात हे मुलांना समजतच नाही.

पगार जमा करायला खाते नाही, फोनचा करार मिळत नाही. न्यायालयात काहीही सिद्ध न होता विशीतल्या मुलावर इतका भार यावा, हे मला फार अन्यायाचे वाटते.

केवळ संशयावरून अशी नोंद करता येत नाही, त्यासाठी स्पष्ट पुरावा लागतो. म्हणून आज आम्ही दोघांनी बसून त्या वर्गमित्राचे सर्व संदेश जोडून बँकेकडे तक्रार पाठवली. ८ आठवड्यांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन या बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे विनामूल्य दाद मागता येते आणि आम्ही ती मागणार आहोत.