पेंटबॉल मार्करची हवा: टाकीपासून फिटिंगपर्यंत

मार्करला, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीला, नवीन नळी नि फिटिंग लावण्याआधी त्याला किती दाब लागतो ते पाहा. हवेच्या टाकीवरचा रेग्युलेटर, म्हणजे दाब आटोक्यात ठेवणारा भाग, साधारण ८०० किंवा ४५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब बाहेर देतो. इलेक्ट्रॉनिक मार्करला ४५० बहुधा मानवतो, कारण त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरवर ताण कमी येतो. जुन्या यांत्रिक मार्करपैकी काहींचा बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा दट्ट्या) मात्र तेवढ्या दाबावर नीट मागेच येत नाही. टाकीचा दाब शिम (रेग्युलेटरमधल्या पातळ चकत्या) बदलून वाढवणार असाल, तर कमी दाबाच्या बाजूची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला तर फुटून हवा सोडणारी चकती) त्याला साजेशी आहे ना, हे आधी तपासा. आणि हे काम टाकी पूर्ण रिकामी असतानाच करा.

सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालवण्याचा मोह टाळावा. तिचा दाब तापमानाबरोबर पळतो: २० अंशांना साधारण ८०० पीएसआय, तर शून्याला ५०० च्या आसपास. जोरात मारा केला की द्रवरूप सीओटू आत शिरते, सील गारठतात आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारी हवेची झडप) बिघडतो. हवेच्या ६८/४५०० (६८ घन इंच, ४५०० पीएसआय) टाकीत ४८/३००० च्या साधारण दुप्पट हवा मावते, शिवाय कार्बन फायबरची असल्याने ती हातात जड होत नाही.

आता नळी. पाव इंची नायलॉनची मॅक्रोलाइन नि १/८ इंची एनपीटी (पाइपांच्या अमेरिकी मापाच्या) आट्यांची पुश फिटिंग (नळी नुसती ढकलून बसते अशी), हा सोपा आणि चांगला संच. गळतीची बहुतेक प्रकरणं नळीच्या कापलेल्या टोकाशी सापडतात. साध्या कात्रीने टोक चपटं आणि तिरकं होतं. मग आतली ओ-रिंग (हवा अडवणारी लवचीक कडी) एका बाजूला बसते आणि दुसऱ्या बाजूने हवा फुसफुसते. नव्या ब्लेडने एकाच दाबात काटकोनात कापा. टोकाचा शेवटचा अर्धा इंच नखाने चाचपा. उभा ओरखडा लागला तर तेवढा भाग काढून टाका, कारण हवेला तीच वाट मिळते. नळी फिटिंगमध्ये थांबेपर्यंत घाला, तिथे पेनाने खूण करा आणि ओढून बघा. खूण बाहेर सरकली तर ती नीट बसलेली नाही. लांबी बोटभर जास्तच ठेवा. ताणून बसवलेली नळी फिटिंगला तिरकी खेचते, आणि फार तीव्र वळण दिलं तर ती मुडपते.

एनपीटीचे आटे निमुळते असतात, त्यामुळे सीलिंगला काहीतरी लागतंच. टेफ्लॉन टेप चालते, पण पुढचे दोन आटे मोकळे सोडा. तुटलेला धागा आत गेला तर रेग्युलेटर नाहीतर सोलेनॉइडमध्ये अडकतो. निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा चिकट द्रव) जास्त सुटसुटीत. लावल्यावर रात्रभर वाळू द्या. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दीड फेरा पुरे. ॲल्युमिनियमच्या बॉडीत याहून जोर केला की आटे खरवडतात, आणि तो खर्च फार मोठा.

टाकीसाठी ऑन-ऑफ एएसए लावाच, म्हणजे टाकी ज्यात फिरवून बसवतात तो जोड, हवा चालू-बंद करायच्या नॉबसह. दाब असताना टाकी फिरवली की तोंडावरची ओ-रिंग कापली जाते. नॉब बंद करा, बॅरलला कव्हर लावून उरलेली हवा रिकाम्या फैरींनी संपवा, मगच टाकी सोडा. दोन-चार जादा ओ-रिंग जवळ असू द्या, ०१५ मापाच्या, शक्यतो युरेथेनच्या.

व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढा. टाकी सोडताना ही रेघ तुटताना दिसली, म्हणजे दोन्हीकडच्या खुणा एकमेकींपासून सरकल्या, तर लगेच थांबा. टाकी एएसएमधून सुटण्याऐवजी व्हॉल्व्हवरून सुटत असते, आणि तशा सुटलेल्या टाकीने माणसं मेलेली आहेत. ती तिथेच ठेवून जाणकाराला दाखवा.

वंगणासाठी घरातलं खनिज तेल चुकूनही नको. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. मार्करच्या निर्मात्याने सांगितलेलं ग्रीसच वापरा.

जोडणी झाली की गॉगल लावून नॉब हळूहळू उघडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा, इलेक्ट्रॉनिक्स वाचवून. बुडबुडे वाढत गेले तर तो सांधा पुन्हा करा. मग क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. वेग ३०० फूट प्रति सेकंदाच्या आत हवा. बऱ्याच मैदानांवर मर्यादा २८० असते. एक मिनिट विश्रांतीनंतरची पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा वेगवान निघत असेल तर रेग्युलेटरची सीट (आतली झडप टेकते ती जागा) झिजलेली आहे किंवा तिच्यावर कचरा आहे. सलग मारताना वेग उतरत असेल तर नॉब पूर्ण उघडला आहे का, नळी कुठे मुडपली आहे का आणि टाकीत हवा किती उरली आहे, हे याच क्रमाने बघा.