पहिल्या वावधनाआधी

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. तिकडं १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. मे संपत आला की तो फोनवर तयारीची यादी वाचून दाखवतो. माणशी रोजचं चार लिटर पाणी, डबाबंद खाणं, बॅटऱ्या, खिडक्यांना ठोकायचं प्लायवूड, गाडीची टाकी फुल. आणि शेवटी म्हणतो, "मावशी, तुमचं बरं आहे. तिकडं समुद्रच नाही."

समुद्र नाही, खरं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यापासून दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर. पण २०२१ च्या सप्टेंबरात 'गुलाब' वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा उरलासुरला पाऊस दोन दिवसांत आमच्या जिल्ह्यात येऊन कोसळला. २८ सप्टेंबरला उमरखेडकडं दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. तेव्हा समुद्र लांब आहे या भरवशावर मी तरी राहत नाही.

अर्थात असं क्वचित. आमचा खरा धोका पावसाळ्याच्या तोंडावरचा, एप्रिलपासून मृग लागेपर्यंतचा. पारा पंचेचाळीसकडं जातो, दुपारनंतर ढग उंच चढतात, आणि त्या ढगातून थंड हवा जी खाली आदळते तीच जमिनीवर पसरत गावात शिरते. आम्ही त्याला वावधन म्हणतो. अर्ध्या तासात खेळ आटोपतो. त्याचं बारसं कोणी करत नाही.

भाच्याकडं आणि आमच्याकडं फरक आहे तो वेळेचा. तिकडं किनाऱ्यावर वादळाचा पक्का इशारा साधारण छत्तीस तास आधी मिळतो. प्लायवूड ठोकून माणसं गाव सोडूनही जातात. इकडं नागपूरच्या हवामान केंद्राचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट येतो तो अख्ख्या जिल्ह्यासाठी. आपल्या गावावर येणार की शेजारच्या, हे पश्चिमेचं आभाळ काळंपिवळं झाल्यावरच कळतं. मग हातात असतात दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात वाळवण उचलता येतं, शेळ्या आत घेता येतात, लेकरांना हाका मारता येतात. छपराचं टिन बांधता येत नाही. म्हणून जे बांधायचं ते रोहिणी लागायच्या आत, २५ मेपूर्वी बांधून मोकळं व्हायचं, हा माझा हट्ट.

टिनाचंच सांगते. पूर्वी आमच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, होते. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस लागायचा आणि फेरून झाले की माकडं येऊन नाचायची. शेवटी कंटाळून आम्ही टिन टाकले. माकडांचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा सुरू झाला. कवेलूच्या फटींतून वारा निघून जातो. टिनाच्या खाली शिरला की त्याला वाट नसते, तो टिनच उचलतो. सुरुवात नेहमी कडेच्या टिनापासून, जिथं छपराचा भाग भिंतीबाहेर आलेला असतो तिथून. एक उचललं की मागची ओळ पत्त्यांसारखी जाते.

आमच्याकडची सर्वमान्य रीत म्हणजे टिनावर धोंडे ठेवणं. सासूबाईंचा त्यावर फार विश्वास. "येवढा धोंडा का उडते?" असं त्या विचारतात. धोंडा उडत नाही आई, टिन उडतं आणि धोंडा खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. आता वर एकही धोंडा नाही. मिस्त्रीला बोलावून कडेच्या सगळ्या टिनांना जे-हुक दुप्पट करून घेतले, वाळलेले रबरी वायसर बदलले आणि छपराच्या लाकडी बल्ल्या जाड तारेनं भिंतीत गाडलेल्या लोखंडी कड्यांना आवळल्या. हे शेवटचं काम लोक विसरतात. टिन बल्लीला कितीही घट्ट असलं तरी बल्लीच भिंतीवर नुसती टेकलेली असेल तर दोघं मिळून उडतील. कोठ्यावरही, म्हणजे ढोरांच्या गोठ्यावर, तेच केलं. तिथला खर्च यांना जरा जास्त वाटला, पण बैलांची किंमत काढून दाखवल्यावर गप्प बसले.

कोठ्यामागं ढोरांच्या चाऱ्याचं कुटार असतं. सोयाबीनचं, तुरीचं, दोन्ही. ते भिजलं की बुरशी धरतं आणि मग ढोरं तोंड लावत नाहीत. ताडपत्री नुसती वर पांघरून चालत नाही, दोरी आडवीउभी घेऊन खुंट्यांना बांधावी लागते. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग मी घराच्या भिंतीपासून लांब, सांदवाडीच्या टोकाला लावायला लावते. ओल आली की सरपण आणि साप दोन्ही एकाच ढिगातून घरात येतात. मण्यार तर रात्री खाली झोपलेल्या माणसालाच चावते. पहिला पाऊस पडला की आमच्याकडं सगळे खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

बियाण्याच्या थैल्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. सोयाबीनला ओल लागली की उगवण गेली.

लाइटीचं मात्र वेगळं. वारा सुटला की आधी ती जाते, आणि तार तुटायच्या आत गेलेली बरी. कुठं खांब पडला असेल तर दोन-दोन दिवस येत नाही. ८ जुलै २०२४ ला टेक्सासमध्ये 'बेरिल' वादळ आलं तेव्हा वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती. भाच्याच्या फ्रिजमधलं सगळं फेकावं लागलं. आमच्या फ्रिजमध्ये फेकण्यासारखं असतं काय? थोडं दही आणि कोथिंबीर. आमचं अडतं ते चक्कीपाशी. लाइट नाही तर दळण नाही, आणि नळयोजनेची मोटरही बंद. त्यामुळं मेअखेरीपासून माझ्या घरात आठवड्याचं पीठ दळलेलं असतं आणि पिण्याचं पाणी रोज सकाळी भरून झाकलेलं. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होतं, म्हणून गव्हाचं जास्त.

आणखी एक, यावर मी गावभर भांडले आहे. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको. टिनाच्या घराला बांधलेली तार, वर कुठंतरी सोललेली सर्व्हिस वायर, आणि ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई. नायलॉनची दोरी काही रुपयांत येते.

विजेची, म्हणजे आभाळातल्या इजेची, भीती घरात कमी आणि वावरात जास्त. मे महिन्यात बाया धसकटं वेचायला वावरात असतात आणि गडगडलं की सगळ्या धावतात त्या कडुनिंबाखाली किंवा मोहाखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आमच्या बचत गटातल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये मी टाकून दिलं आहे. आसपास वीस-चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात वीज पडत असली की ते कळवतं. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना मोजायला शिकवलं: चमकल्यापासून गरजेपर्यंत तीस मोजून होत नसतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, विळा ठेवून निघायचं. खोपडीत नाही, पक्क्या घरात. आणि शेवटचं गरजल्यावर अर्धा तास परत फिरायचं नाही. मजुरी कापली जाईल म्हणून बाया थांबतात, हे मला माहीत आहे. आमच्या वावरात तरी तेवढ्यासाठी मजुरी कापत नाही.

कागदपत्रं प्लॅस्टिकच्या थैलीत, सातबारा आणि पासबुकांसकट. घराचे, कोठ्याचे, बैलांचे फोटो आत्ताच, चांगल्या उजेडात काढून ठेवले. नुकसान झालं की तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा पडलेलं घर दिसतं, आधी काय उभं होतं ते दिसत नाही. यांना हे अपशकुनी वाटलं. मी काढले.

राहिली ती अंगणातल्या कडुनिंबाची एक फांदी, नेमकी विजेच्या तारेवर झुकलेली. ती आपण तोडायची नाही, लाइनमन येऊन लाइन बंद करील तेव्हाच. फोन केला आहे, "उद्या येतो ताई" म्हणाले. तोवर तिच्याखाली खाट टाकायची नाही असं सासऱ्यांना सांगितलंय, ते काही ऐकत नाहीत.