क्लास डी की एबी, लॉग ४ : नवतप्यातली (मे अखेरच्या कडक उन्हातली) तुलना

एलएम३८८६ (क्लास एबी, म्हणजे जुन्या पद्धतीची, गरम होणारी चिप) वाला अँप म्हणजे अँप्लिफायर वाजायला लागला हे मागच्या लॉगमध्ये सांगितलं होतं, आता त्याच्या बाजूला टीपीए३११६ (क्लास डी, म्हणजे फार वेगानं चालू-बंद होऊन वाजवणारी चिप) चा बोर्ड ठेवून पंधरा दिवसांपासून दोन्ही आलटून पालटून ऐकून राहिलो.

३८८६ ला बर्डीतून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) आणलेला १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यातून प्लस-मायनस २५ च्या आसपास व्होल्ट, पेटी उचलायला दोन्ही हात लागतात. टीपीएला फक्त २४ व्होल्टचा एसएमपीएस (लॅपटॉप चार्जरसारखा हलका पॉवर सप्लाय).

पहिल्या दिवशी टीपीए एकदम मोकळा वाटला, घरच्या सगळ्यांना बोलावून ऐकवला. मग मीटर लावला तर तो दीड डेसिबल मोठाच वाजत होता! म्हणून भाऊ, लेव्हल जुळवल्याशिवाय कोणतंच मत देऊ नका. मी १०० हर्ट्झचा टोन लावून (साधा मीटर १ किलोहर्ट्झला एसी व्होल्ट नीट दाखवत नाही) स्पीकरच्या टोकांवर दोन्हीकडे २ व्होल्ट केले, फरक एक टक्क्याच्या आत. त्यानंतर बायकोनं न सांगता स्विच फिरवला तर तबला आणि गळ्यावरून मला दहातले पाचच ओळखता आले.

स्विचचं एक महत्त्वाचं, टीपीएचं आउटपुट ब्रिज आहे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल येतो, स्पीकरची मायनस वायर ग्राउंड नाहीये, त्यामुळे दोन्ही अँपच्या मायनस एकत्र जोडायच्या नाहीत, दोन्ही वायरी तोडणारा म्हणजे स्टिरिओला चार पोलचा (एकदम चार वायरी बदलणारा) स्विच पाहिजे.

खरा फरक उन्हानं दाखवला. दुपारी खोलीत कूलर चालू असूनही ३८८६ च्या हीटसिंकवर तासाभरात हात ठेववत नव्हता, काहीच वाजत नसताना सुद्धा एकेक चिप अडीच वॅट खाते, आणि एबीची एफिशियन्सी कागदावर सुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, कमी आवाजात तर फारच खाली. टीपीएचा छोटा हीटसिंक फक्त कोमट. नागपुरात मे महिन्यात दिवसभर चालवायचा असेल तर मी क्लास डीच लावीन.

पण वरच्या पट्टीत, झांजेत, टीपीए थोडा टोचतो आणि हे मला लेव्हल जुळवल्यावरही जाणवलं. कारण बोर्डावरचा, चालू-बंदचा वेगवान सिग्नल गाळणारा फिल्टर १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा, फीडबॅक (आउटपुट परत तपासून चूक सुधारणारी जोडणी) त्याच्या आधीच घेतलेला, म्हणून स्पीकरच्या ओहमप्रमाणे वरचा रिस्पॉन्स बदलतो. हिशोब केला तर २० किलोहर्ट्झला ४ ओहमवर पाऊण डेसिबल खाली आणि माझ्या ८ ओहमवर अर्धा डेसिबल वर येतो. ३८८६ मध्ये ही भानगडच नाही. शिवाय बाबांचा मिडियम वेव्ह रेडिओ टीपीएच्या जवळ ठेवला की खरखरतो, स्पीकरच्या वायरी पिळून आखूड केल्या तर बराच कमी झाला.

आता १५ मायक्रोहेन्रीच्या कॉइल आणि ०.४७ चे फिल्म कपॅसिटर मागवले, ८ ओहमला ते बरोबर बसतात. आले की फिल्टर बदलतो आणि परत झांज ऐकतो.