पाट्यांपासून मल्टिलिंकपर्यंत

आमच्या आप्पांचं दुकान साताऱ्याला हायवेच्या कडेला होतं आणि काम एकच, पाटे, म्हणजे ट्रक-ट्रॉलीखालच्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागायची. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेला भट्टीत तापवून पुन्हा कमानीला आणायचा. गाडी दारात आली की पान्याला हात लावायच्या आधी आप्पा तिच्या मागं जाऊन उभे राहायचे. "वजन कुठं बसतंय ते आधी बघ," एवढंच मला सांगायचे. आज त्याच जागेत आम्ही वेगवान मोटारींच्या सस्पेन्शनचं, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंगा-शॉकअपचं काम करतो.

या कामाची सुरुवात माझ्या चुकीनं झाली. एका तरुणाला त्याची पोलो जीटी खाली बसलेली हवी होती. मी आखूड, कडक स्प्रिंगा मागवून बसवल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले. गाडी देखणी दिसायला लागली, पण मेढ्याच्या रस्त्यावर मागून उडायला लागली. कडक स्प्रिंग दाबली की तेवढ्याच जोरानं उसळते, आणि तिला आवरायचं काम शॉकअपचं. तो मूळच्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबानं केलेला. त्यात उंची कमी झाल्यानं चाकाला वर जायला जागा उरली नव्हती, खड्डा आला की बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर आपटणं ठरलेलं. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळत परत आले. पूर्ण सेट मी पदरच्या पैशांनी बदलून दिला. तेव्हा ते फार जड गेलं. त्यानंतर एकमेकांना न जुळणारी स्प्रिंग आणि शॉकअप आमच्याकडून कुणाच्या गाडीत गेले नाहीत.

ज्या कामानं आमचं नाव झालं ते स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 चं. ही गाडी 2017 साली भारतात आली. 230 पीएस, सगळी ताकद पुढच्या चाकांना, मागं मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक वेगवेगळ्या आर्मनी धरलेलं. एक डॉक्टर कॉइलओव्हरचं, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेल्या सेटचं कोटेशन हातात घेऊनच आले होते. मी विचारलं, "साहेब, गाडी जाते कुठं?" रोज दवाखाना, रविवारी यवतेश्वरवरून कास, कधी कुंभार्ली उतरून चिपळूण. तक्रार एकच, वेगात वळताना नाक बाहेर जातं, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी वळत नाही.

त्या कोटेशनमध्ये मागची स्प्रिंग काढून शॉकअपभोवतीच नवी बसवायची होती. या गाडीत मागची स्प्रिंग खालच्या आर्मवर असते, शॉकअप वेगळा. दोन्ही एकत्र केले की मागचं सगळं वजन शॉकअपच्या वरच्या माउंटवर येतं, आणि ती जागा त्यासाठी केलेलीच नाही. आप्पांचा प्रश्न इथं जसाच्या तसा लागू पडला. स्प्रिंगच्या कडकपणाच्या आकड्यांचंही तसंच. स्प्रिंग चाकापासून आत असते. चाक 10 मिमी उचलल्यावर ती 7 मिमीच दाबली जात असेल, तर हालचाल आणि जोर दोन्ही त्याच प्रमाणात घटून (0.7 × 0.7) चाकाला तिचा जवळपास निम्माच कडकपणा मिळतो. त्यामुळे पुढचा आणि मागचा आकडा शेजारी ठेवून निवड करता येत नाही.

डॉक्टरांना घेऊन मी यवतेश्वर घाट दोनदा चढलो-उतरलो. मग ठरलं ते असं: स्प्रिंगा मूळच्याच, चारही शॉकअप बिलस्टाइन कंपनीचे बी6, मूळ उंचीच्या स्प्रिंगांना चालणारे. बी8 आखूड स्प्रिंगांसाठी असतात, त्यांची इथं गरज नव्हती. मागचे थकलेले बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरं, नवे, आणि मागं जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं आवरणारी दांडी. नाक बाहेर जाण्यावरचं खरं औषध हा बारच होता. वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणाऱ्या भाराचा जास्त वाटा तो मागं घेतो आणि पुढची चाकं मोकळी होतात. मात्र अति कडक केला तर आतलं मागचं चाक हलकं पडतं आणि ओल्या घाटात मागची बाजू अचानक सुटते. कासचा पाऊस माहीत असल्यानं मी बारच्या टोकाच्या दोन भोकांपैकी मऊ बाजूचं भोक वापरलं. कॉइलओव्हरपेक्षा आम्हाला कमी पैसे मिळाले, पण डॉक्टरांनी पुढच्या वर्षभरात तीन गाड्या पाठवल्या.

काम संपत आलं त्या दिवशी आप्पा दुकानात होते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळले, तर खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करून मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानं आवळणारा पाना घेऊन खाली शिरलो. आप्पा वाकून बघत होते. पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट आप्पाही गाडीत लोड भरल्यावर पुन्हा आवळायचे.

"हां, असंच," म्हणाले, आणि बॅटरी माझ्या हातावर धरून उभे राहिले.