रेकॉर्ड कशी वाटली

काकांचा मेसेज काल दुपारपासून पडून आहे. "का रे, रेकॉर्ड कशी वाटली?" एवढंच. बुवांच्या गाण्याच्या जुन्या टेपवरून नवीन काढलेली रेकॉर्ड. मी वाचला हे त्यांना दिसलंय आणि मी अजून काहीच लिहिलेलं नाही, कारण जे वाटलं ते लिहिलं तर त्यांना लागेल आणि नुसतं मस्त लिहून टाकलं तर मला झोप यायची नाही. बाकी सगळे खुश आहेत. एकदम क्लीन, बुवा समोर बसून गाऊन राहिले असं वाटते, कॉप्या इतक्या कमी का काढल्या वगैरे. आणि मी एकटाच इथे कोरडा बसलोय.

ऐकण्यात कसर नको म्हणून रात्री उशिरा लावली. दिवसा शक्यच नाही, कूलर सुरू असला की तानपुऱ्याचा खर्ज कुठला आणि पंपाची घरघर कुठली कळत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणजे शर्ट पिळून काढायची वेळ. तरी बंद ठेवला. आई येऊन विचारून गेली, लाईट गेली का म्हणून.

त्याच गाण्याच्या घरच्या कॅसेटशी ताडून पाहिली. आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण जे जोरात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, भलेभले तिथे फसतात. जे चांगलं झालंय ते आधी सांगतो. सूर जागेवर आलाय. आमच्या कॅसेटवर पेटी काळी एक आणि पांढरी दोन ह्या शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकलेली असते, कॉपी करताना कोणाचा तरी डेक पळत असणार. रेकॉर्डवर ती बरोबर काळी एकला बसते आणि त्यामुळे बुवांचा आवाज भरदार, पिकलेला लागतो. हे ज्याने केलं त्याला माझा नमस्कार.

पण मग तो अंतरा येतो. त्याच्या आधी बुवा थांबतात, श्वास घेतात, तानपुरा एकटाच उरतो आणि मागून कोणीतरी अगदी हळू "अहाहा" म्हणतं. कॅसेटवर तिथे खरखर आहे, चिक्कार आहे, पण त्या खरखरीच्या आत ती खोली आहे, माणसं आहेत. रेकॉर्डवर खरखर गेली आणि श्वासाची सुरुवातही गेली, तानपुऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारी गुंज, मधेच कापलेली, आणि ते "अहाहा" पाण्याखालून आल्यासारखं. टेपची खरखर वरच्या फ्रिक्वेन्सीतच जास्त ऐकू येते आणि श्वास, जवारीची म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची झणकही तिथेच असते, त्यामुळे सॉफ्टवेअर जरा जास्त घासलं की सगळं एकत्रच निघून जातं. माझी चाळिशी उलटली, वय वाढलं की कानातून आधी वरचेच आवाज जातात, मग मला तर हे कमी खटकायला पाहिजे होतं ना. मलाच का ऐकू येते हे? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. जाऊ दे.

द्रुतचं, म्हणजे शेवटच्या जलद गाण्याचं, दुःख वेगळं. ते बाजूच्या अगदी शेवटी आलंय. 33⅓च्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ येईपर्यंत तीच 21 वर येते, म्हणजे बुवांच्या ताना सगळ्यात जलद तिथेच रेकॉर्ड सगळ्यात हळू. तबल्याचा "ना" फुटतो, तानेतले दाणे एकमेकांना चिकटतात. ह्यात कोणाचा दोष नाही, आपलं गाणं चढत जातं आणि रेकॉर्ड उतरत जाते, त्याला काय करणार. हे मला चालतं. द्रुत फुटलं तरी चालतं. श्वास गेला ते चालत नाही, रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं.

सकाळी पोहे खाताना मात्र मूळ टेपची ती स्पूल आठवली, काकांच्या कपाटातली. टेपवरचा लेप इतक्या वर्षांत ओल शोषून चिकट होतो, लावली की हेडला तपकिरी लगदा लागतो, मग हलक्या आचेवर तासनतास तापवायची आणि काही दिवस वाजते तेवढ्यात उतरवून घ्यायची. रेकॉर्ड काढणाऱ्या ह्या लोकांनी पदरचे पैसे घालून ते केलं. नाहीतर माझ्याकडे तीच वरच्या सुरातली कॅसेट राहिली असती, जन्मभर. मग लक्षात आलं, खरखर काढली ती उतरवून झाल्यावर. म्हणजे उतरवलेलं कुठेतरी तसंच असणार.

लिहिलं शेवटी. "काका, बुवांचा सूर पहिल्यांदाच बरोबर ऐकला. पण अंतऱ्याच्या आधीचा श्वास कापल्या गेला हो. टेप उतरवली तेव्हाची फाईल, काहीच साफ न केलेली, कोणाकडे आहे का? मला पाहिजे."

लगेच फोनच आला. "माझ्याकडेच आहे. मलाही तिथे खटकलं होतं, पण सगळे खुश होते म्हणून बोललो नाही. मेलवर जात नाही ती, पेन ड्राइव्ह घेऊन ये संध्याकाळी."